पाककृतींच्या वह्या स्कॅन करताना: आधी आकडे, मग अक्षरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताने लिहिलेल्या दोन वह्या, दीडेकशे सुट्या चिठ्ठ्या आणि मासिकांतली कात्रणं एवढ्या पाककृती संगणकावर शोधता येतील अशा मजकुरात आणायच्या आहेत. मोबाइलवरची तीन स्कॅनिंग ॲप्स वापरून पाहिलीत. छापील मजकूर बरा येतो, हस्ताक्षराचा मात्र पार विचका होतो. तेव्हा सगळ्यांत अचूक ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी प्रणाली, कोणती?

प्रणालीची निवड हा यातला बराच पुढचा टप्पा आहे. आधी ठरवायचं ते हे, की मजकूर नेमका कशासाठी हवाय. 'लिंबू' असा शोध घेतल्यावर योग्य ते पान समोर यावं एवढंच हवं असेल, तर ओसीआरने दहांतला एक शब्द चुकवला तरी बिघडत नाही, कारण वाचायचं ते चित्रातूनच. पण त्या मजकुरावरूनच स्वयंपाक करायचा असेल, प्रमाण दुप्पट किंवा निम्मं करायचं असेल, कुणाला पाठवायचं असेल, तर चुकीची किंमत एकदम वाढते. आणि ती सगळ्या चुकांची सारखी वाढत नाही.

हिशेब करून बघा. मध्यम लांबीच्या पाककृतीत साधारण ८०० अक्षरं धरली आणि ओसीआर ९८ टक्के अचूक आहे असं मानलं, तरी १६ अक्षरं चुकलेली असतात. त्यातली बहुतेक शब्दांत पडतात आणि आपली आपण उघडी पडतात. 'साखर'ची 'साखए' झाली तर वाचणारा अडखळतो, पण समजून घेतो. '१ चमचा मीठ' याचं '९ चमचे मीठ' झालं तर तिथे अडखळायला काहीच नसतं. वाक्य धडधाकट दिसतं. म्हणून माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती उभी आहे: शब्दांवर कमी वेळ घालवायचा, आकड्यांवर जास्त, आणि मजकुराशेजारी मूळ चित्र कायम ठेवायचं.

आता कागदाकडे. वह्या पूर्ण उघडून सपाट बसतात का, शाई कोणती आहे, कात्रणं चिकटवलेली आहेत की सुटी, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. सर्वसाधारणपणे छापील मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. बारीक टाइप, पेन्सिल आणि फिकी शाई यांना ४०० ते ६००. नियम डीपीआयचा नाही, अक्षराच्या उंचीचा आहे. अक्षराचा मुख्य भाग निदान २० पिक्सेल उंच हवा, ३०च्या आसपास असेल तर उत्तम. त्याहून खाली गेलात की मात्रा आणि अनुस्वार विरघळायला लागतात. एफोर पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतं आणि रंगीत, न दाबलेली फाइल २६ एमबीच्या आसपास जाते. दोनशे पानांचे पाच-साडेपाच जीबी झाले, एवढी जागा आज कुठेही असते. त्यामुळे मूळ प्रती टिफ किंवा पीएनजीत ठेवा. जेपीईजी वापरायचंच असेल तर दर्जा ९०च्या वर. खाली गेलात तर अक्षरांच्या कडांभोवती जी कणी दिसते तिलाच ओसीआर टिंब समजतं.

स्कॅन रंगीतच करा, कागद काळा-पांढरा असला तरी. आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'काळंपांढरं, लहान फाइल' असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. जेबिग२ नावाची दाबण्याची एक पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकच मानले जातात आणि एकाच्या जागी दुसरा चिकटवला जातो. २०१३ मध्ये काही कार्यालयीन कॉपी-स्कॅन यंत्रं अशाच कारणाने ६ चा ८ करून देतात हे उघडकीस आलं होतं. स्कॅन स्वच्छ, ठळक, सुंदर. फक्त आकडा वेगळा. असा आकडा नंतर कुठल्याही तपासणीत सापडत नाही, कारण आपण ज्या चित्राशी ताडून बघतो तेच खोटं असतं.

फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे कागद काचेवर सपाट ठेवायचा तो, आणि मोबाइल यांत सुट्या चिठ्ठ्यांसाठी फ्लॅटबेड. त्यातही सीसीडी सेन्सरचा असेल तर काचेपासून थोडा उचललेला, सुरकुतलेला कागदही तो स्पष्ट टिपतो; पातळ, स्वस्त स्कॅनरांत सीआयएस सेन्सर असतो आणि काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेलं की चित्र मऊ पडतं. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या ट्रेमध्ये जुन्या, तेलकट, टाचणी लावलेल्या चिठ्ठ्या घालू नका. वहीची शिवण ताणावी लागत असेल तर मोबाइल बरा. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० गुणिले ३००० चं चित्र देतो. एफोर पानाने चौकट भरली तर ते ३०० डीपीआयच्या थोडं वरच पडतं. कॅमेरा पानाला समांतर, प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. ॲपमधलं 'सुधारा' किंवा 'दस्तऐवज' फिल्टरही बंद. तुमच्या विचक्याचं निम्मं कारण बहुधा हेच फिल्टर आहे. ते पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करताना पेन्सिलीची आणि फिक्या शाईची रेघ खाऊन टाकतं, मग पुढचं कोणतंही ओसीआर लावलं तरी काय वाचणार?

पातळ कागदावर मागच्या बाजूचं लिखाण उमटतं, आणि तेल प्यायलेल्या कागदावर तर जास्तच, कारण तेलाने कागद पारदर्शक होतो. मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. एकूण चित्र जरा गडद येतं, पण मागची अक्षरं जवळपास नाहीशी होतात. तेलकट चिठ्ठीखाली काचेवर स्वच्छ पारदर्शक फिल्म टाकली तर काच खराब होत नाही. काच पुसताना द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर कधीच ओतायचा नाही. तो कडेने आत उतरतो.

डागांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पाककृतींच्या कागदांची खरी अडचण तिथे आहे. समजा निळ्या शाईत लिहिलेली ओळ आहे आणि तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग पसरलाय. चित्र सरळ काळंपांढरं केलं की डाग आणि शाई दोन्ही राखाडी होतात आणि एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी रंगीत चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन घटक वेगळे करा. गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. मग फक्त लाल घटक बघा. पिवळा आणि तपकिरी रंग लाल प्रकाश बराचसा परत फेकतात, म्हणून डाग जवळजवळ कागदाएवढाच उजळ होतो. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून ती काळी ठसठशीत उठून दिसते. काही मिनिटांत अवाचनीय ओळ वाचता येते. उलट, लाल शाईत केलेली दुरुस्ती या घटकात गायब होते, तिथे हिरवा घटक घ्या. म्हणूनच मूळ स्कॅन रंगीत हवं असं वर म्हटलं; राखाडी स्कॅनमधून हे परत मिळवता येत नाही.

मासिकातल्या कात्रणांवर छपाईच्या ठिपक्यांमुळे लाटांसारखी नक्षी येते. स्कॅनरमध्ये डीस्क्रीनचा पर्याय असतो तो लावा, किंवा ६०० डीपीआयला स्कॅन करून निम्म्यावर आणा. पान वाकडं असेल तर सरळ करून घ्या. देवनागरीत हे जास्त महत्त्वाचं, कारण शिरोरेषा तिरपी झाली की ओळीच्या सीमा चुकतात आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन चिकटतात. एकत्र स्कॅन झालेली जोडपानं वेगळी करणं, सरळ करणं, कडा कापणं यासाठी स्कॅन टेलर हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे.

छापील मजकुरासाठी टेसरॅक्ट हे ओसीआर घ्या. ते मोफत आहे, मराठीचा भाषासंच आहे, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल पद्धतीवर चालतं. कमांड टाइप करायच्या नसतील तर नॅप्स२ हा स्कॅनिंग प्रोग्रॅम आतून तेच वापरतो. आणि पीडीएफमध्ये चित्रामागे शोधता येणारा मजकुराचा थर घालायचा असेल तर ओसीआरमायपीडीएफ आहे. भाषा निवडताना हिंदी नको, मराठीच घ्या, नाहीतर 'ळ' आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. पानात रोमन अक्षरं असतील तर जोडीला इंग्रजीही. डाग किंवा सावली असलेल्या पानांवर पाचव्या आवृत्तीतली सॉव्होला ही पद्धत लावून बघा. कोणता ठिपका काळा आणि कोणता पांढरा धरायचा याचा उंबरठा ती पूर्ण पानाला एकच न लावता त्या-त्या भागापुरता ठरवते.

यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही आणि पाककृतीत नेमकी तीच नडते: पानाची मांडणी. साहित्याच्या यादीत डावीकडे प्रमाण, मधे मोकळी जागा, उजवीकडे पदार्थाचं नाव असं लिहिलेलं असतं. टेसरॅक्टच्या नेहमीच्या सेटिंगला ते दोन स्तंभ वाटतात. मग ते आधी सगळी प्रमाणं ओळीने देतं आणि त्यानंतर सगळी नावं. एखादी ओळ निसटली की त्याखालची प्रत्येक जोडी एकेक घर सरकते, आणि पिठाचं प्रमाण मिठाला लागतं. यावर उपाय म्हणजे यादीचा भाग वेगळा कापायचा आणि त्याला टेसरॅक्टचं पीएसएम ६ हे पानाच्या मांडणीचं सेटिंग लावायचं, म्हणजे तो एकच सलग ठोकळा मानला जातो आणि ओळ आडवी वाचली जाते. 'कृती'चा परिच्छेद वेगळा कापून त्याला नेहमीचं सेटिंग ठेवायचं. डावीकडे साहित्य आणि उजवीकडे कृती अशा छापील पानावर नेमकं उलट होतं: पूर्ण पानाला पीएसएम ६ लावलं तर दोन्ही एकमेकांत विणले जातात. पानं कापून घेण्यात मिनिट जातं, पण पुढची दहा वाचतात.

आता आकडे. देवनागरीत '२' आणि 'र' छपाईतसुद्धा जवळचे आहेत, हस्ताक्षरात तर एकच. '३' आणि 'उ'चं तसंच. '१' आणि '९' यांत फरक फक्त वळणाचा. अपूर्णांकात आणखी एक सापळा आहे: '१ १/२ कप' यातली मधली जागा नाहीशी झाली की '११/२' उरतं, म्हणजे दीडाचे साडेपाच. छापील जोड-अपूर्णांकाचं एकच चिन्ह असेल तर त्याचं टक्क्याचं चिन्ह होतं, नाहीतर दोन आकडी संख्या. खालच्या ओळीत 'वरीलप्रमाणे' या अर्थी दोन छोट्या रेघा मारलेल्या असतात, त्यांचे ११ होतात. या बाबतीत आपले पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द फार भरवशाचे: त्यातलं एखादं अक्षर चुकलं तरी शब्द ओळखू येतो. म्हणून तपासून झालेल्या प्रतीत मी अपूर्णांक शब्दांतच लिहितो, आणि पाचव्या वर्षी उघडली तरी ती प्रत तशीच वाचली जाते.

एककांचंही जपा. टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. इंग्रजी पाककृतीत काही जण छोट्या आणि मोठ्या टी अक्षराने हा फरक दाखवतात. ओसीआरने मोठं अक्षर छोटं केलं की प्रमाण तिप्पट चुकलं. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून तर २० मिलीचा असतो. कपही कुठे २४० मिलीच्या आसपास, कुठे २५०. त्यामुळे मूळ माप आहे तसंच ठेवा आणि ग्रॅम-मिली करायचे असतील तर ते शेजारी, वेगळ्या जागी. मूळ माप पुसून रूपांतर लिहिलं की गृहीत धरलेला कप चुकला होता हे नंतर कळायला वाव राहत नाही.

हस्ताक्षराला टेसरॅक्ट लावू नका. ते छापील अक्षरांवर शिकलेलं आहे. सेटिंग बदलून फरक पडणार नाही. इथे तीन वाटा आहेत. एकाच व्यक्तीचं, सलग, शेकडो पानांचं लिखाण असेल तर ट्रान्सक्रायबससारख्या प्रणालीला ते हस्ताक्षर शिकवता येतं. त्यासाठी तुम्ही स्वतः बिनचूक उतरवलेले साधारण ५,००० ते १५,००० शब्द द्यावे लागतात. दोन वह्यांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, कारण तेवढे शब्द उतरवेपर्यंत एक वही संपलेली असते.

दुसरी वाट म्हणजे चित्र वाचू शकणारी आजची मोठी भाषिक प्रारूपं (एआय चॅटबॉट ज्यांवर चालतात ती) आणि गूगल लेन्ससारखी साधनं. हस्ताक्षरावर ती जुन्या ओसीआरपेक्षा फारच पुढे आहेत. पण त्यांच्या चुकीची जात वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय वापरू नका. जुनं ओसीआर चुकलं की कचरा देतं, तो दिसतो. भाषिक प्रारूप चुकलं की पटेल असं काहीतरी देतं. पुसट आकड्याच्या जागी तशा पाककृतीत सहसा असतो तो आकडा भरतं. वहीत मुद्दाम कमी लिहिलेली साखर 'नेहमीएवढी' करतं. त्या वह्यांचं वेगळेपण जिथे आहे, नेमकं तिथेच ते सपाट होतं. म्हणून सूचना स्पष्ट द्या: जसं लिहिलंय तसंच उतरव, शुद्धलेखन सुधारू नकोस, खाडाखोड असेल तर दोन्ही आकडे दे, वाचता न आलेल्या जागी प्रश्नचिन्ह घाल. एका वेळी एकच पान द्या. आकड्यांसाठी तेच पान दोनदा, वेगवेगळ्या संवादांत वाचून घ्या आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. जिथे फरक पडला तिथे संशय नक्की; पण दोन्ही जुळली म्हणून आकडा बरोबरच असेल असं नाही. चित्राशी ताडणं टळत नाही.

तिसरी वाट साधी आहे आणि दोन वह्यांसाठी मी तिचाच आग्रह धरेन: पान समोर ठेवून मोठ्याने वाचायचं आणि आवाजावरून टाइप करून घ्यायचं. हस्ताक्षर ओळखणारी सर्वांत चांगली व्यक्ती ते रोज वाचणारीच असते. शिवाय वाचतानाच 'चमचा म्हणजे कोणता', 'इथे किती वेळ' हे प्रश्न डोक्यात येतात आणि शेऱ्यात टिपता येतात. आवाजातही आकडे घसरतात, त्यामुळे पुढची तपासणी इथेही लागतेच.

तपासणी दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त साहित्याची यादी, चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे, आणि वाचायचं शेवटच्या ओळीकडून वर. उलटं वाचल्याने मन पुढचा शब्द आपणहून भरत नाही. कुणी मदतीला असेल तर एकाने मजकूर वाचावा आणि दुसऱ्याने फक्त चित्र बघावं. दुसऱ्या फेरीत कृती, आणि तिथेही वेळ, तापमान आणि 'उरलेलं निम्मं' यांसारखी ठिकाणं आधी. मग सगळ्या फायलींत मिळून तिरपी रेघ, टक्क्याचं चिन्ह, 'र चमचे', 'र कप' आणि एकटा '११' शोधा. यात बहुतेक ठरावीक चुका सापडतात. प्रमाण तर्काशीही ताडा: यीस्टच्या पावाला मीठ पिठाच्या वजनाच्या साधारण २ टक्के असतं, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. मजकुरात १०० दिसले तर चित्र पुन्हा उघडायचं. मात्र चित्रातही खरोखर विचित्र आकडा असेल तर तो बदलू नका. तो तसाच ठेवा आणि शंका शेऱ्यात लिहा.

साठवण साधी ठेवा. प्रत्येक पाककृतीची एक साधी मजकूर फाइल. तीत नाव, किती जणांसाठी, साहित्य, कृती, शेरा, आणि कोणत्या वहीचं कोणतं पान. समासातली टिपणं शेऱ्यात, मूळ कृतीत मिसळायची नाहीत. चित्र आणि मजकूर यांना एकच क्रमांक: चिठ्ठी क्रमांक ४७, पुढची बाजू 'अ', मागची 'ब'. कोरी वाटणारी मागची बाजूही स्कॅन करा. पुढचा अर्धा भाग तिथे सापडतो. पुढे पाककृतींच्या ॲपमध्ये न्यायचं झालं तर बरीच ॲप्स स्कीमा डॉट ऑर्गच्या, म्हणजे माहितीच्या मांडणीसाठी वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, पाककृती-आराखड्याशी जुळतात, आणि वर सांगितलेले विभाग त्यात सहज बसतात. फक्त ॲपमध्येच ठेवू नका.

मराठी शोधात दोन अडथळे येतील. जुन्या वळणाच्या लेखनात 'नांव', 'पांच' असे अनुस्वार असतात, आणि आपण शोधतो अनुस्वाराशिवाय. मूळ लेखन तसंच ठेवून शेवटी 'शोधशब्द' अशी एक ओळ घाला आणि तिच्यात आजच्या रूपातले चार-पाच शब्द लिहा. दुसरं, 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवलं जातं: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. सगळ्या फायली एकदा एनएफसी या युनिकोड रूपात आणल्या की हा प्रश्न सुटतो.

प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ कागद टाकून देऊ नका. पेन्सिलीची जी रेघ आज सुटली ती पुन्हा स्कॅन करायची तर कागदच लागतो. काम सुरू करण्याआधी दहा पानं निवडा: तीन छापील, तीन स्वच्छ हस्ताक्षराची, चार डागाळलेली. ती स्कॅनपासून तपासणीपर्यंत पूर्ण करा आणि प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. डागाळलेल्या पानांपैकी ज्यांत ओसीआर दुरुस्त करायला सरळ टाइप करण्यापेक्षा जास्त वेळ गेला, तशी सगळी पानं आधीच बाजूला काढा आणि ती थेट वाचून उतरवा.